आपल्या तत्त्वांना धरून खरेदी: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी वस्तू घेताना जरा थांबते. ही कुणी बनवली, कशापासून बनवली, माझं झाल्यावर ही कुठे जाणार, असं मनात येतं आणि त्यामुळे माझ्यासोबत खरेदीला यायला लोक आता कंटाळतात 😄 पण तेच लोक नंतर हळूच प्रश्न पण विचारतात, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी एक्सपर्ट वगैरे नाही, चुका करत करत शिकलेली आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत आणि काही दोन ओळीत संपलीत.

हे नक्की काय आहे? ऑरगॅनिक घेणं म्हणजेच ना?

नाही. ऑरगॅनिक हा त्यातला एक छोटा तुकडा. साधं सांगायचं तर, ज्या गोष्टी तुम्हाला मनापासून पटतात आणि ज्या गोष्टींवर तुमचा पैसा जातो, त्या दोन्हीत फार अंतर राहू नये एवढंच. कुणाला प्राण्यांचं दुःख सहन होत नाही, कुणाला कामगारांना नीट पगार मिळावा असं वाटतं, कुणाला कचरा बघवत नाही. तिघांच्या याद्या वेगळ्या होणार आणि तिघंही बरोबर असू शकतात.

मी एकट्याने काय फरक पडणार आहे?

हा पहिल्या नंबरचा प्रश्न. खरं उत्तर: तुम्ही एकट्याने एक पाकीट परत शेल्फवर ठेवलं तर त्या कंपनीला पत्ताही लागणार नाही. पण म्हणून फरक पडत नाही असं म्हणणं पण चूक आहे, कारण इतिहासात हे चाललंय, आणि चांगलंच चाललंय.

१७९१ मध्ये ब्रिटनच्या संसदेने गुलामांचा व्यापार बंद करायचा प्रस्ताव फेटाळला. तेव्हा लोकांनी, आणि त्यात मतदानाचा हक्कच नसलेल्या बायका खूप होत्या, गुलामांकडून पिकवून घेतलेली साखर घरात आणायची बंद केली. त्या वेळचा अंदाज होता की सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली. व्यापार बंद करणारा कायदा यायला १८०७ उजाडलं, म्हणजे साखर सोडली आणि लगेच कायदा आला असं अजिबात नाही, मधे सोळा वर्षं गेली. पण ज्यांना मत देता येत नव्हतं त्यांना ‘नाही’ म्हणायची एक जागा मिळाली आणि तो विषय घराघरात, रोजच्या चहाच्या टेबलावर आला.

‘बॉयकॉट’ हा शब्द तर एका माणसाचं आडनाव आहे! आयर्लंडमध्ये १८८० साली चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा एजंट होता, कुळांना जमिनीवरून काढत होता, तर लोकांनी त्याच्याशी व्यवहारच बंद केला. शेतात कापणीला माणूस नाही, दुकानदार माल देईना. त्याचं नाव कायमचं डिक्शनरीत जाऊन बसलं.

या गोष्टींमध्ये एक धागा सारखा आहे तो बघा. माणसं एकटी नव्हती. कुणीतरी पत्रकं छापली, कुणीतरी मागणी नीट शब्दात मांडली, आणि मागणी पुरी करू शकेल असा कुणीतरी समोर होता. त्यामुळे मी असं म्हणते की तुमची खरेदी हे एकटं हत्यार म्हणून कमजोर आहे पण एखाद्या चळवळीला जोडलेली असली की तिला धार येते. आणि चळवळ नसली तरी, स्वतःशी प्रामाणिक राहिल्याचं एक समाधान असतंच ना, ते काही फुकटचं नाही.

माझी तत्त्वं काय आहेत तेच मला माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं आणि ऑर्डर हिस्टरी काढा. खरंच काढा, नुसतं मनात आठवू नका, कारण आठवणीत आपण सगळेच फार शहाणे असतो. मग प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत जा आणि कुठे मनात किंचित टोचतं ते बघा. ‘हे कशाला घेतलं होतं’ असं टोचतं का, ‘एवढं स्वस्त कसं काय मिळालं असेल’ असं टोचतं का, ‘एवढं प्लास्टिक’ असं टोचतं का. टोचणी कुठली आहे त्यावरून कळतं तुमचं तत्त्व कुठलं आहे. मोठमोठे शब्द वहीत लिहून काढण्यापेक्षा हे जास्त खरं असतं.

मला स्वतःला वाटत होतं की माझा मुद्दा पर्यावरण आहे. बिलं काढल्यावर लक्षात आलं की मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करत होते ते कपडे, आणि तेही कचऱ्यामुळे नाही तर शिवणाऱ्या माणसांमुळे.

मग दोनच गोष्टी निवडा. फार तर तीन. दहा निवडल्या तर एकही होत नाही, हे मी करून बघितलंय.

कपड्यांचं एवढं काय आहे?

२४ एप्रिल २०१३. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली, पण वरच्या कपड्यांच्या कारखान्यांमधल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात लेबलं सापडली, आपल्या ओळखीच्या ब्रँड्सची.

बँकवाल्यांना घरी राहता आलं आणि शिवणाऱ्यांना नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. स्वस्त कपडा स्वस्त कसा होतो याचं उत्तर त्यात बरंचसं आहे.

पण पुढे काय झालं ते पण सांगायला हवं, नाहीतर नुसता निराशेचा पाढा होतो. काही आठवड्यांत ब्रँड्स आणि कामगार संघटना यांच्यात इमारती आणि आगीच्या सुरक्षेचा करार झाला. हा करार कायद्याने बंधनकारक होता, नुसतं ‘आम्ही प्रयत्न करू’ असं नव्हतं, आणि त्यावर पुढे दोनशेहून जास्त ब्रँड्सनी सह्या केल्या. कारखाने तपासले गेले, रिपोर्ट लोकांसमोर ठेवले गेले. हे सगळं गिऱ्हाईकांच्या संतापाशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही, पण नुसत्या संतापाने पण झालं नसतं, संघटना आधीपासून तयारीत होत्या.

मग त्या ब्रँड्सवर सरळ बहिष्कारच टाकायचा ना?

थांबा. इथे घाई नको. तुम्ही आणि तुमच्यासारख्या हजारोंनी अचानक पाठ फिरवली तर ऑर्डर कमी होतात आणि पहिली नोकरी जाते ती त्याच शिवणाऱ्या बाईची. कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच संघटना म्हणूनच कामगारांनी स्वतः हाक दिल्याशिवाय बहिष्काराचं आवाहन करत नाहीत. माझा नियम असा: ज्यांच्यासाठी आपण भांडतोय म्हणतो, त्यांचं काय म्हणणं आहे ते आधी शोधायचं. ते म्हणाले घेऊ नका तर घ्यायचं नाही. ते म्हणाले घ्या पण कंपनीवर दबाव आणा, तर तसं. नाहीतर आपलं ‘तत्त्व’ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

बहिष्कार चालतो कधी, तर मागणी स्पष्ट असते तेव्हा. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरची जाहिरातबाजी थांबवा म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत अशा मार्केटिंगसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर झाली, १९८४ मध्ये बहिष्कार थांबवला, आणि शब्द पाळला जात नाही असं म्हणत १९८८ मध्ये परत सुरू केला. म्हणजे काम झालं म्हणून सगळे झोपायला गेले असं नाही, मागे लक्ष ठेवायला कुणीतरी होतं.

पाकिटावरच्या लेबलांवर विश्वास ठेवायचा का?

अर्धा. लेबल काय म्हणतंय आणि काय म्हणत नाहीये हे दोन्ही वाचायला शिकावं लागतं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर.

फेअरट्रेड. याची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीपासून झाली. शेतकऱ्याला किमान भाव आणि वर गावाच्या कामांसाठी प्रीमियम, ही कल्पना. चांगली आहे, मी घेते. पण कोको, चहा, साखर यांच्या बाबतीत ‘मास बॅलन्स’ नावाचा प्रकार चालतो. म्हणजे कंपनीने जेवढा फेअरट्रेड कोको विकत घेतला तेवढ्याच मालावर लेबल लावायचं, पण कारखान्यात तो बाकीच्या कोकोत मिसळला तरी चालतं. तुमच्या हातातल्या चॉकलेटमध्ये त्या शेतकऱ्याचा एक दाणाही नसेल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. मग विचार केला, एटीएममधून निघणारी नोट पण आपण भरलेली तीच नोट नसते, खात्यात रक्कम बरोबर असली म्हणजे झालं. शेतकऱ्याला पैसे मिळाले का हा मुद्दा असेल तर मास बॅलन्स चालेल. ‘माझ्या हातातली वस्तू शुद्ध हवी’ हा मुद्दा असेल तर नाही चालणार. बघा, परत तुमचं तत्त्व कुठलं त्यावरच आलं.

कागद आणि लाकडावर एफएससी असतं, म्हणजे जंगल नीट सांभाळून लाकूड घेतलंय का ते बघणारी संस्था, ती १९९३ पासून आहे. त्याची तीन लेबलं आहेत: शंभर टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड. बहुतेक लोक झाडाचं चिन्ह बघतात आणि खाली लिहिलेला शब्द वाचतच नाहीत. तिन्हीचा अर्थ वेगळा आहे.

कपड्यांवर ‘गॉट्स’ (ऑरगॅनिक कापडाचं एक जागतिक प्रमाणपत्र) दिसलं तर त्यात किमान ७० टक्के धागा ऑरगॅनिक असावा लागतो, आणि ‘ऑरगॅनिक’ असं थेट लिहायचं असेल तर ९५ टक्के. शिवाय रंग, केमिकल आणि कामगारांच्या अटी पण त्यात येतात. म्हणून नुसतं ‘ऑरगॅनिक कॉटन’ छापलेल्यापेक्षा हे बरं, कारण नुसत्या ऑरगॅनिक कॉटनमध्ये कापूस शेतातून निघाल्यानंतर काय झालं ते कुणीच बघितलेलं नसू शकतं.

‘प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही’. हे वाक्य जपून वाचा. ‘हे तयार प्रॉडक्ट टेस्ट केलेलं नाही’ असं असेल तर आतले घटक टेस्ट केलेले असू शकतात. उडत्या सशाचं लीपिंग बनी चिन्ह असेल तर घटक पुरवणाऱ्यांपर्यंत तपासणी असते. युरोपियन युनियनने तर मार्च २०१३ पासून प्राण्यांवर टेस्ट केलेली कॉस्मेटिक्स विकायलाच बंदी घातली. आणि हो, ‘क्रूएल्टी फ्री’ आणि ‘व्हीगन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात टेस्टिंग, दुसऱ्यात घटक. मध किंवा मेण घातलेलं लिपबाम क्रूएल्टी फ्री असू शकतं, व्हीगन नाही.

बी कॉर्प, म्हणजे समाज आणि पर्यावरणाबद्दलच्या अटी पाळल्याचं लेबल, हे वस्तूला नसतं, कंपनीला असतं. त्यामुळे त्या कंपनीची प्रत्येक वस्तू भारी असं समजू नका.

ग्रीनवॉशिंग कसं ओळखायचं?

ग्रीनवॉशिंग म्हणजे पर्यावरणाची काळजी असल्याचा नुसता देखावा. हा शब्द १९८६ चा, जे वेस्टरवेल्ड नावाच्या पर्यावरणवाल्याने वापरला. हॉटेलं पाहुण्यांना सांगत होती की टॉवेल परत वापरा, निसर्ग वाचवा. त्याचं म्हणणं असं की बाकी कशात पर्यावरणाची फिकीर नाही आणि धुण्याचा खर्च मात्र वाचतोय.

माझ्या खुणा: हिरवा रंग आणि पानं जास्त, आकडे कमी. ‘नॅचरल’ (विष पण नॅचरल असतं). ‘पर्यावरणपूरक’ पण कशाच्या तुलनेत ते नाही. ‘५० टक्के कमी प्लास्टिक’ पण आधी किती होतं ते नाही. जे कायद्याने आधीच बंद आहे ते ‘आमच्यात नाही’ म्हणून मिरवणं. आणि ‘बायोडिग्रेडेबल’ तर माझा आवडता! मक्यापासून वगैरे बनवलेलं पीएलए प्लास्टिक कुजायला साधारण साठ डिग्रीच्या आसपास तापमान ठेवणारा औद्योगिक कंपोस्ट प्लांट लागतो. घराच्या मागच्या खड्ड्यात ते तसंच पडून राहतं. मी टाकून बघितलंय, वर्षभराने उकरलं तर कप जसाच्या तसा, फक्त जरा मातकट.

युरोपियन युनियनने २०२४ मध्ये असे पुराव्याशिवायचे मोघम दावे बंद करायचा नियम केलाय, तो सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचं ठरलं. उशिरा का होईना.

कापडी पिशव्या घेतल्या की झालं ना?

हाहा. माझ्याकडे एके काळी तेवीस कापडी पिशव्या होत्या. प्रत्येक वेळी विसरायचे आणि प्रत्येक वेळी नवीन घ्यायचे आणि वर स्वतःला पर्यावरणप्रेमी समजायचे.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याचा अभ्यास छापला. साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी फक्त हवामानाच्या बाबतीत किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. ऑरगॅनिक सुती असेल तर २०,०००! आता हे वाचून प्लास्टिककडे परत पळू नका. त्या हिशोबात रस्त्यावर, समुद्रात पडलेल्या प्लास्टिकचा त्रास धरलेला नाही, आणि ते मोठे आकडे मुख्यतः एकाच निकषामुळे आलेत. पण मुद्दा राहतोच की पिशवी कुठली यापेक्षा किती वेळा वापरली हे मोठं. जुन्या चादरीची पिशवी शिवली तर वादच मिटला.

घरात आधीपासून असलेल्या ‘चुकीच्या’ वस्तू काढून टाकू का?

नको हो! त्या बनवायचं जे नुकसान होतं ते होऊन गेलंय. संपेपर्यंत, फाटेपर्यंत वापरा. प्लास्टिकचे चांगले डबे फेकून काचेच्या सुंदर बरण्यांची रांग लावायची आणि फोटो टाकायचा, याला मी तरी सजावट म्हणते.

अपवाद एकच, वापरायला धोकादायक झालेली वस्तू.

जवळचं, लोकल घेतलं की ते नेहमी चांगलंच असतं का?

नेहमी नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पुअर आणि नेमेचेक यांचा मोठा अभ्यास आला होता, जगभरातल्या हजारो शेतांचा डेटा घेऊन. त्यात अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्केच निघाला. म्हणजे काय खाताय हे ते किती लांबून आलं त्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त महत्त्वाचं. विमानाने आलेला नाजूक माल सोडून, त्याचं गणित वेगळं, तो खरंच वाईट.

पण लोकल घ्यायची कारणं दुसरीही असतात. बनवणारा माणूस डोळ्यासमोर असतो, त्याला प्रश्न विचारता येतो, पैसा जवळपास फिरतो. ती कारणं चांगली आहेत. फक्त ‘कार्बन वाचतो’ हे कारण सगळीकडे चिकटवू नका.

दोन तत्त्वं एकमेकांशीच भांडायला लागली तर?

लागतातच. बूट घ्यायचेत. चामड्याचे घेतले तर जनावराचा प्रश्न. ‘व्हीगन लेदर’ घेतलं तर ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं, म्हणजे प्लास्टिकच, लवकर सोलवटतं आणि कुजत नाही. आगीतून फुफाट्यात. कपड्यात रिसायकल्ड पॉलिस्टर घेतलं तर प्रत्येक धुण्याला बारीक प्लास्टिकचे धागे पाण्यात, कापूस घेतला तर पाणी आणि कीटकनाशकं.

पाम तेलाचं तर क्लासिक उदाहरण. त्याच्यासाठी जंगलं तोडली गेली हे खरंच आहे. म्हणून लोक म्हणतात पाम तेल बंद. पण तेवढ्याच जमिनीतून पाम बाकी तेलबियांच्या कितीतरी पट तेल देतो, त्यामुळे सगळं सोया किंवा सूर्यफुलावर नेलं तर उलट जास्त जमीन लागेल, आणि ती जमीन कुठून येणार? म्हणून काही जण म्हणतात की बंद करण्यापेक्षा जंगल न तोडता पिकवलेलं मागा. त्यासाठी आरएसपीओ नावाची व्यवस्था २००४ पासून आहे, तिच्यावर टीकाही खूप झालीये, पण काहीच नसण्यापेक्षा मी ती धरते.

अशा वेळी मी काय करते, तर आधी ठरवलेल्या दोन गोष्टींमधली पहिली कुठली ते बघते आणि तिच्या बाजूने निर्णय देते. जिच्या विरोधात गेला तिची थोडी रुखरुख राहू देते. रुखरुख राहिली म्हणून निर्णय चुकला असं नसतं. माझ्या मैत्रिणीचं पहिलं तत्त्व प्राणी आहे, माझं माणसं आणि टिकाऊपणा, म्हणून ती रेक्झिनचे बूट घालते आणि मी सेकंडहँड चामड्याचे, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या पायांकडे बघून गप्प बसतो.

हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले नाहीत का?

काही अंशी आहेत. ‘एथिकल’ शिक्का मारून तिप्पट किंमत लावणारे खूप आहेत. आणि ज्याला महिनाअखेरीचं जमवताना नाकी नऊ येतात त्याला कुणी लेबलावरून भाषण देऊ नये, देणाऱ्यालाच लाज वाटली पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरायचे हा नियम इथे पण आहेच.

पण गंमत बघा, या सगळ्यातल्या सगळ्यात परिणामकारक गोष्टी फुकट आहेत. कमी घेणं. दुरुस्त करणं. मागून आणणं, वापरून परत देणं. दुसऱ्याचं वापरलेलं घेणं. कमी पैशात घर चालवणारे लोक हे पिढ्यानपिढ्या करतच आलेत, फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं. त्यामुळे बजेट कमी असलेला माणूस या बाबतीत मागे आहे असं मी अजिबात मानत नाही, बरेचदा तोच पुढे असतो.

आणि महाग वस्तू घेताना किमतीला वापराच्या वेळांनी भागून बघा. तिप्पट महाग पण पाचपट टिकली तर ती स्वस्तच झाली. पण ‘टिकेल’ हे जाहिरातीवरून नाही, तीच वस्तू चार वर्षं वापरलेल्या माणसाला विचारून ठरवा.

मोबाईलचं काय करायचं? तो तर लागतोच.

लागतो. फोनच्या पूर्ण आयुष्यातल्या उत्सर्जनाचा मोठा भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, चार्जिंगला त्या मानाने फार कमी लागतं. त्यामुळे ‘एनर्जी सेव्हिंग’ नवीन मॉडेल घेऊन काही वाचत नाही, हातातला फोन दोन वर्षं जास्त चालवणं हीच बचत. शिवाय आत कथील, टंगस्टन, टँटलम, सोनं असतं, आणि काँगो भागातल्या अशा खाणींच्या पैशावर सशस्त्र टोळ्या चालल्यात, म्हणून अमेरिकेने २०१० च्या एका कायद्यात या चार धातूंबद्दल कंपन्यांना माहिती द्यायला लावली. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद असलेला चौथा हिस्सा पण नाही.

बॅटरी बदला. खरंच, निम्म्या ‘मेलेल्या’ फोनची फक्त बॅटरी मेलेली असते. मी बदलली तेव्हा दुकानदार म्हणाला ताई यापेक्षा नवीन घ्या की, मी म्हटलं नाही, मग तो जरा नाराजीने बसला आणि वीस मिनिटांत फोन परत पळायला लागला.

आवडता छोटा ब्रँड मोठ्या कंपनीने विकत घेतला. आता?

होतं असं. कॉस्मेटिक्सवालं द बॉडी शॉप २००६ मध्ये लॉरियालने घेतलं तेव्हा प्राणीप्रेमी ग्राहकांनी बराच आरडाओरडा केला होता. बेन अँड जेरीज हे आइस्क्रीम २००० साली युनिलिव्हरकडे गेलं. मी लगेच सोडत नाही. एक वर्ष बघते: घटक बदलले का, सर्टिफिकेट टिकलं का, आधी ज्या गोष्टी उघड सांगायचे त्या आता गुपचूप झाल्या का. बदललं तर रामराम. पण काहींना नफा शेवटी कुणाच्या खिशात जातो हेच महत्त्वाचं असतं, त्यांनी पहिल्या दिवशी सोडलं तरी ते बरोबरच.

ऑनलाइन घेऊन परत करणं वाईट आहे का?

‘तीन साइझ मागवू, दोन परत करू’ ही सवय वाईट. परत गेलेली प्रत्येक वस्तू पुन्हा विक्रीला लागत नाही, काही सरळ कचऱ्यात जातात कारण तपासून परत पॅक करायला त्यापेक्षा जास्त खर्च येतो. टेप घ्या, मोजा, मग मागवा. आणि कार्टमध्ये टाकून दोन दिवस सोडून द्या, माझ्या अनुभवात निम्मं तिथेच विरघळतं.

घरातले ऐकत नाहीत, उलट चेष्टा करतात.

करू दे. भाषण बंद करा, एवढंच सांगेन. मी पहिलं वर्ष घरात प्रत्येक पाकिटावर प्रवचन दिलं आणि परिणाम काय, तर आई माझ्यापासून शॅम्पू लपवायला लागली. मग मी गप्प बसले आणि फक्त मी आणायच्या वस्तू माझ्या पद्धतीने आणायला लागले. सहा महिन्यांनी तिनेच विचारलं, तो तुझा साबण कुठून आणतेस गं, हात कोरडे पडत नाहीत त्याने.

भेटवस्तूंसाठी आधीच सांगून ठेवा काय हवंय. आणि कुणी प्रेमाने आणलेली ‘चुकीची’ वस्तू आनंदाने घ्या. माणूस दुखावून तत्त्व सांभाळायचं हे मला तरी नाकापेक्षा मोती जड वाटतं.

सगळं तपासत बसायला वेळ कुणाकडे आहे?

कुणाकडेच नाही, म्हणून सगळं तपासायचं नाही. दोन प्रकारच्या खरेदीवरच डोकं लावा: ज्या सतत होतात आणि ज्या मोठ्या असतात. सतत होणारी वस्तू एकदा नीट शोधायची, एका संध्याकाळी, आणि मग दोन वर्षं डोळे झाकून तीच घ्यायची. मोठी वस्तू, म्हणजे फ्रिज, फोन, फर्निचर, तिच्यासाठी एक आठवडा द्यायचा. मधलं सगळं, प्रवासात घेतलेली पाण्याची बाटली वगैरे, त्यावर झोप घालवू नका.

मी माझाच नियम मोडला. फार गिल्ट येतो.

मीही मोडते. मागच्या सेलमध्ये मोडला, चांगला मोडला. गिल्टने काय होतं, तर माणूस वैतागून सगळंच सोडतो. त्यापेक्षा का मोडला ते लिहून ठेवते. माझं कारण जवळजवळ नेहमी रात्री अकरानंतर हातात फोन असणं हेच निघतं 🙈

उलटी भीतीही लोक घालतात, की चांगली खरेदी केली की माणूस दुसरीकडे वाईट वागायला मोकळा होतो. २०१० मध्ये असा एक प्रयोग खूप गाजला होता, ग्रीन वस्तू घेतलेले लोक नंतर जास्त चीटिंग करतात म्हणून. पुढे दुसऱ्या संशोधकांनी जास्त लोकांवर तोच प्रयोग परत केला तर तसं काही दिसलं नाही. तेव्हा ती काळजी सोडा.

कंपनीला मेल लिहून काही होतं का?

सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार आहे हे. न घेतलेल्या वस्तूचं कारण कंपनीला कळतच नाही, मेलने कळतं. छोटा लिहा आणि हो-नाही मध्ये टाळता येणार नाही असं विचारा. ‘तुम्ही एथिकल आहात का’ याला उत्तर ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ असंच येणार. त्याऐवजी: हा शर्ट कुठल्या कारखान्यात शिवला, त्याचं नाव तुमच्या साइटवर आहे का? तिथे कामगार संघटना आहे का? शेवटची तपासणी कधी झाली आणि कुणी केली? या वस्तूचे सुटे भाग किती वर्षं मिळतील?

मी आत्तापर्यंत तीसेक मेल लिहिले असतील. निम्म्यांचं उत्तरच नाही. बऱ्याच जणांनी छापील परिच्छेद पाठवला. चार जणांनी खरं उत्तर दिलं, आणि त्यातल्या एकीने, कुठल्याशा ग्राहक विभागातली मुलगी असावी, असं लिहिलं की हा प्रश्न या महिन्यात विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या, मी वरच्या साहेबांना पाठवलाय, कारण तीन जणांनी विचारलं की आम्हाला पाठवावाच लागतो.

तीन जणांनी! मी त्या दिवशी लगेच दोन मैत्रिणींना मेसेज केला आणि पुढच्या कंपनीचा ईमेल आयडी पाठवून दिला.